नऊ डिसेंबरला बंद असलेलं दुकान

आईचा स्वेटर बदलून आणायचा होता. मोरपंखी रंगाचा, पुढून बटणांचा, चांगला जाड. तिनं तो एकदा घातला आणि ‘काखेत धरतोय गं’ म्हणून घडी घालून पिशवीत ठेवून दिला. सोलापूरची थंडी म्हणजे पहाटेपुरती. दूधवाला येऊन गेला, ऊन अंगणात उतरलं की ती संपते, आणि दुपारी बारा वाजता डिसेंबर चालू आहे हे भिंतीवरचं कॅलेंडर बघूनच पटतं. पण आईचं वय झालंय, तिला ती पहाट सोसत नाही. देशभर चादरी पाठवणाऱ्या या गावात स्वेटर मात्र बाहेरून येतो. दिवाळी झाली की तिबेटी लोक येतात, रस्त्याकडेला बांबू रोवून ताडपत्रीचे गाळे घालतात, वर ‘तिबेटी रेफ्युजी स्वेटर मार्केट’ असं कापड लावतात आणि त्याखाली पुठ्ठ्यावर ‘एक भाव’. माल लुधियानाचा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी बायका मागताना ‘तिबेटी स्वेटर द्या’ असंच म्हणतात. त्या संध्याकाळी पिशवी घेऊन गेले तर ओळीतले सगळे गाळे बंद. निळ्या ताडपत्र्या खालपर्यंत ओढून सुतळीनं करकचून बांधलेल्या. अमावास्या नव्हती, गावात कसला बंदही नव्हता. शेजारच्या शेंगावाल्याला विचारलं. तो म्हणाला, “आज चायनावाले आलेत ना अक्का, कोटणीसला. म्हणून ह्यांनी ठेवलंय बंद.”

“कुणी सांगितलं बंद ठेवायला?”

“कोण सांगतंय? आपणहूनच. चायनाचं कोण आलं की बंद ठेवतात, दरवेळचं हाय त्यांचं.”

मी डॉ. द्वारकानाथ कोटणिसांच्या स्मारकातूनच येत होते.

भैय्या चौकातलं ते घर आता महापालिकेनं स्मारक म्हणून राखलंय. नऊ डिसेंबरला तिथं पुण्यतिथी होते, आणि मुंबईहून चिनी पाहुणे आले की त्या दिवशी चौकाला जरा लगीनघाई येते. सकाळीच सडा पडतो, फूटपाथवरच्या गाड्या हलतात, झेंडूच्या माळा येतात. नर्सिंगच्या मुली पांढऱ्या कपड्यांत ओळीनं बसतात आणि भाषणं लांबली की एकमेकींच्या पाठीआड जांभया देतात. पाहुणे काळ्या कोटात येतात, पुतळ्यासमोर कमरेतून वाकून तीन वेळा नमस्कार करतात, आणि तो नमस्कार इतका मनापासूनचा दिसतो की दरवेळी माझ्या घशाशी काहीतरी येतं. आपल्या गावच्या माणसापुढे परका देश असा वाकतो, याचं सुख वेगळंच आहे. आपण आपल्याच माणसांपुढे एवढं कधी वाकलो? ग्रँट रोडचे, गिरगावचे, पुण्याचे लोक सोलापूर म्हटलं की चादर, शेंगा चटणी आणि पाण्याची टंचाई एवढंच काढतात. त्यांना सांगायला आमच्याकडे एक माणूस आहे. १९३८ साली काँग्रेसनं चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतला एक, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. बाकीचे चौघे यथावकाश परतले, हा राहिला. जपानी फौजांशी लढणाऱ्या सैनिकांवर डोंगरात, खेड्यांत शस्त्रक्रिया करत राहिला, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, फेफऱ्याच्या झटक्यांनी गेला. बत्तिसाव्या वर्षी. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण आमच्या घरात ते परीक्षेला असल्यासारखं विचारलं जायचं.

कार्यक्रम संपल्यावर फोटो झाला. मैत्रीण आयोजकांच्यात आहे, तिनं मला ओढून पुढच्या रांगेत उभं केलं. एका पाहुणीनं माझ्या इरकलीच्या काठाला बोट लावून काहीतरी कौतुकाचं म्हटलं. मी हसले. ती फार गोड बाई होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तिचा काही दोष नाही.

आणि तिथून चालत आल्यावर त्या बांधलेल्या ताडपत्र्या.

मी शेंगा घेतल्या, घरी आले, आईला सांगितलं उद्या बदलून आणते. रात्री मात्र ते डोक्यातून जाईना. या गावात निषेध कसा करतात ते मला लहानपणापासून माहीत आहे. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर मांडव पडतो, लाऊडस्पीकर लागतो, निवेदनाची प्रत साहेबांच्या हातात देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. नाहीतर चार पुतळ्यांपासून मोर्चा निघतो. फारच राग असेल तर पेंढा भरलेला पुतळा जाळतात, आणि तो जाळायच्या आत पोलिसांनी ओढून घ्यायचा, ही दोन्हीकडून ठरलेली झटापट असते. हे सगळं कुणीतरी बघावं म्हणून असतं. इथं मात्र बघणारं कुणी नव्हतं. पाहुण्यांची गाडी या रस्त्यानं जाणारच नव्हती. पेपरात येणार नव्हतं. हंगामातला ऐन विक्रीचा दिवस बुडवून कुणाला न दिसणारा निषेध कुणी कशाला करतं?

लोकांनी निषेध केलेला परदेशी पुढारी मी सोलापुरात एकदाच अनुभवला, तोही पुढाऱ्याशिवाय. २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश भारतात आले होते. इराकचं युद्ध ताजं होतं. दिल्लीत डाव्या पक्षांनी आणि मुस्लिम संघटनांनी मैदान भरवलं, संसदेत भाषण दिलं तर खासदार गोंधळ घालतील म्हणून बुशसाहेबांचं भाषण पुराण्या किल्ल्यावर हलवलं, राजघाटावर त्यांच्या सुरक्षेची कुत्री गांधीजींच्या समाधीवर फिरवली म्हणून आणखी गदारोळ झाला. त्या दिवसांत आमच्या बँकेच्या दारावरून विडी कामगार बायकांचा एक मोर्चा गेला. लाल झेंडे, पदर खोचलेले, चपला रस्त्यावर घासत चालण्याचा तो आवाज. विडी वळणाऱ्या बायकांच्या बोटांना तंबाखूचा एक वास असतो, घोळक्यानं त्या जवळून गेल्या की रस्ताभर राहतो. मागण्या त्यांच्याच होत्या, मजुरीच्या आणि घरांच्या, पण मधूनमधून ‘बुश परत जा’ही चाललं होतं. आमच्या कॅशियरनं दारात उभं राहून एकीला जरा चिडवत विचारलं, “कोण गं हा बुश?” ती न थांबता म्हणाली, “आमच्या कारखानदाराचा कारखानदार.” तो कॅशियर निवृत्त होईपर्यंत हे वाक्य सांगायचा. सुरुवातीला गंमत म्हणून सांगायचा, पुढे पुढे गंमत गेली.

पण त्या बायकांचा मोर्चा आणि ही बंद ताडपत्री, यांत फरक आहे. मोर्चातली बाई संध्याकाळी घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी मतदार यादीत तिचं नाव तसंच असतं. पोलिसांनी धरलं तरी व्हॅनमध्ये बसवून तासा-दोन तासांनी सोडतात, चहा मिळतो. नागरिकाचा निषेध म्हणजे एका अर्थानं घरातलं भांडण. लंडनमध्ये २०१८ साली ट्रम्प आले तेव्हा लोकांनी त्यांच्या तोंडवळ्याचा, लंगोटातल्या रडक्या बाळाचा सहा मीटरचा फुगा पार्लमेंटसमोर उडवला. रीतसर परवानगी काढून. पुढे तो फुगा लंडनच्या संग्रहालयानं जपून ठेवायला घेतला. ज्याच्या खिशात पासपोर्ट आहे त्याची टिंगलसुद्धा वारसा होते. ज्याच्या खिशात आरसी आहे, म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचा तो दाखला जो ठरल्या मुदतीनं नूतनीकरणाला न्यावा लागतो, तो काय उडवणार?

दुसऱ्या दिवशी गाळे उघडे होते. मी गेले तेव्हा दुकानाची बाई एका कोटाला बटण लावत होती. तिचं नाव लिहीत नाही, आम्ही सगळे तिला अम्माच म्हणतो, वयानं माझ्याएवढी असूनही. दोरा दातानं तोडायची, बटणाभोवती चार वेढे द्यायची, मग नखानं बटण ओढून बघायची. समोर शेळगीकडची एक लिंगायत आजी बसली होती आणि दोघींचं कानडीत जोरात चाललं होतं, नातवाच्या मापावरून. नवख्या माणसाला तो देखावा विचित्र वाटेल. सोलापूरकराला नाही वाटत, इथं कोण कुठल्या भाषेत बोलेल याचा नेम नसतो. अम्माचा जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडचा. १९६६ साली तिथं रान तोडून तिबेटी निर्वासितांची वसाहत वसवली, त्यात तिचे आईवडील होते. मक्याची शेती, हत्तींचा त्रास, आणि हिवाळ्यात स्वेटर घेऊन गावोगाव. १९८७ च्या आधी इथं जन्मली असल्यानं कायद्यानं तिला भारतीय नागरिकत्व मागता येतं. तिनं मागितलेलं नाही. मी एकदा विचारलं होतं तर म्हणाली होती, “पिताजी बोले थे, वापस जाना है.” पिताजी जाऊनही बरीच वर्षं झाली.

स्वेटर तिनं बदलून दिला, एक माप मोठा, रंग तोच. मग मी विचारलं की काल बंद कशाला ठेवलं होतं. तिनं माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मी कोटणीसला गेले होते हे तिला माहीत होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

“कल हमारा काम नहीं था,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, आजी उठून गेल्यावर, आपणच सुरू झाली. तिचा भाचा २०१९ मध्ये चेन्नईला शिकत होता. त्या ऑक्टोबरात चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग मामल्लपुरमला येणार होते. पंतप्रधान वेष्टी नेसून त्यांना ती दगडातली देवळं दाखवणार होते, नारळपाणी पिणार होते, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. त्याच्या आधीचे काही दिवस तमिळनाडूत तिबेटी दिसला की चौकशी, असं चाललं होतं. किती जणांना आधीच धरून ठेवलं. भाच्याच्या खोलीवर येऊन सांगून गेले, पाहुणे जाईपर्यंत बाहेर पडायचं नाही. त्यानं काही केलं नव्हतं, करणारही नव्हता, भित्रा पोरगा आहे, अम्मा म्हणाली. “चेहरा तो किया था ना.” चेहरा हाच गुन्हा झाला, असं तिला म्हणायचं होतं.

आणि हाच चेहरा दुसऱ्या बाजूनंही नडतो. २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, तेव्हा गावोगाव शी जिनपिंगांचे पुतळे जाळले, चिनी टीव्ही फोडले. त्याच्या आधी करोना. त्या काळात मुंडगोडहून बाहेर पडलं की बसमध्ये, बाजारात पोरं मागून ओरडायची, ‘ए चायना’. तिनं हे सांगितलं तेव्हा ती रागावलेली नव्हती. हसत होती. ज्यांच्यामुळे आईबाप बर्फातून चालत आले, त्यांच्याच नावानं आपल्याला हाका मारतात, यावर हसण्यापलीकडे काय करणार.

तिबेटींच्या निषेधांबद्दल त्यानंतर मी बरंच वाचत बसले. आपल्याकडे चिनी नेता आला की काय होतं त्याची एक ठरून गेलेली पद्धत आहे. दिल्लीत मजनू का टीला या तिबेटी वस्तीबाहेर पोलीस उभे राहतात, ओळखीच्या कार्यकर्त्यांना आधीच उचलतात, आणि तरीही कुणीतरी निसटून कुठंतरी चढतं. २००२ च्या जानेवारीत चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत होते, तेव्हा तेन्झिन त्सुंदू हा कवी त्यांच्या हॉटेलबाहेरच्या बांधकामाच्या परांचीवरून चौदाव्या मजल्यापर्यंत चढला आणि तिथून तिबेटचा झेंडा आणि मागणीचं कापड सोडलं. २००५ मध्ये वेन जियाबाओ बंगळुरूला विज्ञान संस्थेत आले, तेव्हा हाच माणूस तिथल्या मनोऱ्यावर. कपाळाला लाल पट्टी बांधतो तो, तिबेट मोकळा होईपर्यंत सोडणार नाही म्हणतो. पुढच्या चिनी पाहुण्याच्या वेळी त्याला हिमाचलातल्या धर्मशाला गावाबाहेर पडायलाच बंदी घातली. २०१४ मध्ये शी जिनपिंग दिल्लीत असताना तरुण मुलंमुली थेट बोलणी चालतात त्या हैदराबाद हाऊसपर्यंत पोचली आणि त्यांना ओढत, फरफटत बसमध्ये कोंबलं. हे फोटो मी पाहिलेत. एका मुलीची चप्पल रस्त्यावर राहिलेली दिसते.

पाहुण्याला यातलं काय दिसतं? मला वाटतं काहीच नाही. सरकारी भेटीचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच असतो. विमानतळ ते हॉटेल ते हिरवळ, मध्ये शाळेची मुलं हातात दोन्ही देशांचे कागदी झेंडे घेऊन. रस्ता पाहुण्यासाठी धुतात, आणि माणसंही त्यातच धुतली जातात. हे चीननंच शिकवलं असं नाही. १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला तेव्हाही इकडे स्वागताच्या कमानी होत्या आणि तिकडे परळमध्ये गांधीजींच्या समोर विदेशी कापडाची होळी. त्या दिवशी पुढे जे झालं ते आपण फारसं सांगत नाही. स्वागताला गेलेल्या पारशांना, ख्रिश्चनांना, गोऱ्यांना जमावानं धरून मारलं, दंगल उसळली, माणसं मेली, आणि गांधीजी उपासाला बसले. राजपुत्र मात्र सुखरूप पुढच्या गावी. १९२८ च्या फेब्रुवारीत सायमन आणि मंडळी मुंबईच्या धक्क्यावर आली, युसुफ मेहेरअलींनी दिलेली ‘सायमन गो बॅक’ची घोषणा सगळ्या देशानं उचलली, काळे झेंडे दाखवले. सायमन काही परत गेला नाही. फिरला, अहवाल लिहिला. काळ्या झेंड्यांनी पाहुणा परत गेल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही.

आमच्या गावानं तर झेंड्यापायीच फार मोजलंय. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर उठलं, गोळीबार झाला, पोलीस गाव सोडून गेले, काही दिवस गावाचा कारभार लोकांनीच चालवला, आणि मग मार्शल लॉ. गांधी टोपी घालणं, झेंडा घेऊन चालणं यासाठी शिक्षा. माझे आजोबा गिरणीत जॉबर होते. त्या दिवसांत टोपी घडी करून धोतराच्या कमरेला खोचायचे आणि घरात शिरल्यावर डोक्यावर घालायचे, असं आजी सांगायची. तेव्हा मला त्यात शौर्य दिसायचं नाही. घरात टोपी घालून काय उपयोग, कोण बघणार, असं मी एकदा म्हणालेही. आजीनं उत्तर दिलं नाही, भाकरी थापत राहिली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळे त्यांचेच. दर जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेची गर्दी त्या पुतळ्यांवरून होम मैदानाकडे सरकते, पोरांच्या हातात पिपाण्या असतात, आणि हारही त्याच आठवड्यात पडलेले असतात.

एवढी परंपरा सांगणारं गाव कोटणिसांच्या बाबतीत मात्र एकदम पाहुणचाराच्या बाजूला जाऊन बसतं. मीही बसते. कारण त्यात आमचं काही गुंतलंय. मोठा चिनी नेता भारतात आला की कोटणिसांच्या नातेवाइकांना भेटायचा, हा शिष्टाचारच होऊन गेला होता. २०१४ च्या भेटीत शी जिनपिंग दिल्लीत कोटणिसांच्या भगिनी मनोरमाताईंना भेटले, तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. त्याच भेटीत, त्याच शहरात, ती चप्पल रस्त्यावर पडली. पण मला जास्त टोचतं ते २००६ चं. नोव्हेंबरात हू जिंताओ मुंबईत आले. कोटणीस कुटुंबीयांची आणि त्यांची भेट झाली, सोलापूरच्या पेपरांत आम्ही ती अभिमानानं वाचली. त्याच वेळी ताजमहाल हॉटेलच्या बाहेर एका तिबेटी तरुणानं अंगावर पेटवून घेतलं. लोकांनी, पोलिसांनी विझवलं, तो वाचला. ही बातमी मी तेव्हा वाचली होती का? वाचली असणार. लक्षात राहिली नाही. २०१२ मध्ये, हू जिंताओ पुन्हा येणार होते त्याच्या आधी, दिल्लीत जाम्फेल येशी नावाच्या मुलानं हेच केलं. तो नाही वाचला. अम्मा याबद्दल बोलायला तयार नव्हती. मी विषय काढला तशी तिनं मान हलवली आणि म्हणाली, “वो मत पूछो. बच्चों को जीना चाहिए.” तिच्या गळ्यातली माळ हातात आली आणि मणी सरकायला लागले. दुकान बंद ठेवणं तिला पुरे वाटतं. दुसऱ्या कुणाला ते फारच मिळमिळीत वाटेल. मला ते तसं वाटत नाही, पण माझं एक दिवसाचंही नुकसान झालेलं नाही, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते वाचणाऱ्यानं बघावं.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती वैतागली. तिचं म्हणणं साधं आहे. कोटणीस गेले १९४२ मध्ये. तिबेटवर सैन्य गेलं १९५० मध्ये. दलाई लामा आले १९५९ मध्ये. मेलेल्या माणसाच्या पुण्यतिथीला जिवंतांचा हिशोब कशाला? शिवाय येणारे पाहुणे कारकून-अधिकारी, त्यांनी का ऐकून घ्यावं? तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. मी एवढंच म्हटलं की कोटणीस चीनला गेले ते कुठल्या सरकारवरच्या प्रेमानं गेले नव्हते. एका देशावर दुसरा देश चालून आला होता म्हणून गेले. “म्हणजे ते आज तिबेटी लोकांबरोबर असते?” तिनं विचारलं. ते मला ठरवता येणार नाही. बत्तिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचं वाक्य घालण्याचा उद्योग दोन्ही सरकारं पुरेशी करतात. त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान नंतर अनेकदा भारतात येऊन गेल्या. मुलगा डॉक्टरकीच शिकत होता, तो ऐन विशीत गेला. कोटणिसांची खरी गोष्ट त्या बाईकडे होती, आणि तिला कुणी काय विचारलं असेल? फोटोसाठी पुढच्या रांगेत उभं केलं असेल.

“मग पुढच्या वर्षी येऊ नकोस,” मैत्रीण म्हणाली.

येणार आहे. मला यायचं आहे. त्या तीन नमस्कारांचं मला अजूनही बरं वाटतं, हे कसं लपवू?

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेची पाळणे-खेळणी उतरायला लागली तशी गाळ्यांची आवराआवर सुरू झाली. उरलेला माल पोत्यात भरून सुयांनी शिवायचा, बांबू भाड्यानं आणलेले असतात ते मोजून परत द्यायचे. मी सहज म्हटलं, अम्मा, इतकी वर्षं येता, कोटणिसांचं घर कधी बघितलंत का? ती म्हणाली, बाहेरून. मी म्हटलं चला. तिला काय वाटलं कोण जाणे, पोऱ्याला गल्ल्यावर बसवून ती खरंच निघाली. रिक्षात बसेपर्यंत मीच घाबरले होते, आता हिला तिथं नेऊन आपण काय करणार म्हणून.

दुपारची वेळ, स्मारकात चिटपाखरू नव्हतं. रखवालदार खुर्चीत पेंगत होता. सडा नाही, झेंडू नाही. जुन्या वाड्याच्या लाकडाचा वास, पंखा एकच चालू. अम्मा फोटोंपुढून सावकाश सरकत होती. हात पाठीमागे बांधलेले, गुडघे दुखतात म्हणून जरा झुलत. बर्फातल्या एका फोटोपुढे ती थांबली. डॉक्टर आणि बरोबरची माणसं, सगळ्यांच्या अंगात कापूस भरलेले जाड कोट. ती वाकून, चष्मा कपाळावर चढवून बघायला लागली. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, बर्फाबद्दल, आईवडिलांबद्दल. ती म्हणाली, “हाथ की सिलाई है. कपास अच्छा भरा है, गोळा नहीं हुआ.” मग पुढच्या फोटोकडे. कोटणिसांच्या आईवडिलांचा फोटो होता तिथं ती हात जोडून उभी राहिली. पुतळ्यापुढे नाही राहिली. मुलगा परत आला नाही हे आईला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं. मला ते माहीत नव्हतं.

निघताना रखवालदारानं वही पुढे केली. भेट देणाऱ्यांनी लिहायची असते. मी पानं चाळली. डिसेंबरच्या पानावर चिनी अक्षरांत शाईनं लिहिलेलं काही होतं, उभं आणि देखणं, खाली सह्या. मग शाळांच्या सहलींची पानं, ‘खूप प्रेरणा मिळाली’, ‘खूप प्रेरणा मिळाली’, एकाच हस्ताक्षरात ओळीनं. अम्मानं पेन घेतलं, रिकाम्या पानाऐवजी मागं जाऊन ते डिसेंबरचंच पान काढलं, आणि त्याच्या समासात, वरून खाली जागा पुरेल तसं, तिबेटीत लिहायला लागली. बराच वेळ लिहीत होती. एकदा थांबून पेन झटकलं, पुन्हा लिहिलं. पान भरलं तेव्हा वही फिरवून रखवालदारापुढे ठेवली.

त्यानं वही डोळ्यांजवळ नेली. “हे काय लिहिलंय?”

“नाम. गांव,” अम्मा म्हणाली.

“एवढं मोठं?”

“लंबा नाम है.”

त्यानं बोटानं रकाने तपासले. “मोबाईल नंबर राहिला की.”

“वो नहीं दूंगी,” ती म्हणाली आणि चपला घालायला खाली बसली.